दहा टक्क्यांनी भागेल का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी स्वयंपाकातले तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. वाढता लठ्ठपणा हे त्यामागचे कारण होते. पुढे तेलाचे भाव चढले, मे महिन्याच्या अखेरीस सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. एकीकडे ‘तेल कमी खा’ हा सल्ला आणि दुसरीकडे ते स्वस्त राहावे म्हणून धडपड, असे हे चित्र आहे. यात सरकारचा दुटप्पीपणा शोधणे सोपे आहे. पण खरा प्रश्न आपल्या कढईत किती तेल पडते, कोणते पडते आणि ते कुठून येते हा आहे.

आधी हिशेब करू. निती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोपर्यंत पोहोचला आहे. म्हणजे माणशी रोज सुमारे ५४ ग्रॅम. ‘आयसीएमआर’ आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूत्रांनुसार २००० उष्मांकांच्या आहारात वरून घेतलेले तेल, तूप, लोणी सारे मिळून २७ ग्रॅम पुरे. ५४ मधून दहा टक्के वजा केले तरी ४९ उरतात. दिशा बरोबर असली, तरी मुक्काम अजून दूर आहे.

२७ ग्रॅम म्हणजे ५ मिलीचे सपाट सहा चमचे. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. पिशवीवर ते छापलेलेही असते. या मापाने चार प्रौढांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर तेल पुरायला हवे, आणि त्यातही तुपाचा वाटा आलाच. तुमच्या घरात महिन्याला किती पिशव्या फुटतात हे एकदा मोजून पाहा. आकडा चारच्या आत असेल तर खूश होण्याआधी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागेल.

देशाच्या सरासरीत घरच्या फोडणीबरोबर वडापाव, फरसाण, वेफर्स, बिस्किटे, खारी आणि हॉटेलातली भाजी हेही आहे. भारत वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात करतो. त्यात सर्वांत मोठा वाटा इंडोनेशिया, मलेशियासारख्या देशांतून येणाऱ्या पामतेलाचा असतो. तरी ‘आम्ही पामतेल वापरतो’ असे सांगणारे घर शोधून सापडणार नाही. कारण हे तेल बव्हंशी पुड्यातून आणि बशीतून पोटात जाते. ते स्वस्त आहे, तळणीत टिकते आणि बिस्किटाला खुसखुशीतपणा देते. उत्पादकाला आणखी काय हवे? पण त्यातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते. शेंगदाणा तेलात हे प्रमाण साधारण पाचवा हिस्सा, तर करडई तेलात दहा टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून घरची बरणी मोजण्याइतकेच पुड्यामागची घटकयादी वाचणे महत्त्वाचे आहे. ‘खाद्य वनस्पती तेल’ या शब्दांपुढे ते कशाचे हे लिहिणे बंधनकारक आहे. उलट, पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापलेले ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ फारसे काही सांगत नाही. वनस्पतीपासून काढलेल्या तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. आणि तेल कोणतेही असो, एका ग्रॅमला नऊ उष्मांक ठरलेले आहेत.

इतके तेल आपण नेहमीच खात होतो का? महाराष्ट्रात तेल ही जपून वापरायची वस्तू होती. देशावर घाण्यावरचे करडईचे आणि शेंगदाण्याचे तेल असे, कोकणात खोबरेल. करडई, तीळ, जवस ही कोरडवाहू शेतीची पिके. तळण सणासुदीचे, एरवी चटणीवर तेलाची धार. १९३७ मध्ये ‘डालडा’ आला आणि कारखान्यातले स्निग्ध पदार्थ घराघरांत शिरले. त्यातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा यायला जानेवारी २०२२ उजाडावे लागले.

१९८६ च्या तेलबिया अभियानाने नव्वदीच्या सुरुवातीला देशाला जवळजवळ स्वयंपूर्ण केले होते. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली झाली आणि गणित फिरले. आज मराठवाडा, विदर्भात सोयाबीनचा पेरा मोठा आहे, पण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के. बाकी पेंड. त्यामुळे सोयाबीनचा भाव तेलाइतकाच पेंडीच्या बाजारावर हलतो. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये आहे. आयात तेल स्वस्त झाले की तो मिळण्याची आशा आणखी अंधूक होते. करडईत तेल ३० टक्क्यांच्या आसपास आणि पाण्याची गरज कमी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,१०३ कोटींच्या नव्या तेलबिया अभियानात अशा पिकांना खरोखर किती वाटा मिळतो, यावर आपल्या ताटातले तेल ठरणार आहे.

आता थोडे कढईविषयी. पदार्थ तळताना त्यातल्या पाण्याची वाफ बाहेर पडत असते आणि ती तेलाला आत येऊ देत नाही. पदार्थ बाहेर काढल्यावर तो निवताना पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून पुरी, भजी काढल्याबरोबर झाऱ्यात चांगली निथळावीत, लगेच डब्यात रचू नयेत. एकाच वेळी खूप घाणा सोडला की तेल निवते आणि तळायला वेळ लागतो.

तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ नावाचे घटक वाढत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी मोजायचे यंत्र नसते. पण रंग काळपट झाला, फेस येऊ लागला, धूर लवकर निघू लागला की तेल टाकायची वेळ आली. एकदा तळलेले तेल गाळून भाजीच्या फोडणीला एक-दोन दिवसांत संपवावे. जुन्या तेलात नवे ओतून तीच कढई पुन्हा चढवू नये. गाड्यावरच्या कढईत नेमके हेच चालते आणि तिथे तपासणी वाढवणे हे अन्न व औषध प्रशासनाचे काम आहे. ती जबाबदारी गृहिणीच्या चमच्यावर ढकलता येणार नाही.

तेल अजिबात वर्ज्य करणे हाही उपाय नव्हे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शरीरात शोषली जाण्यासाठी स्निग्धता लागते. ज्या घरात पिशवीऐवजी दहा-वीस रुपयांचे सुटे तेल येते, तिथल्या वाढत्या मुलाला कमी तेलाचा उपदेश लागू होत नाही. सरासरी ५४ ग्रॅम असली, तरी तिच्या वर कोण आणि खाली कोण हे पाहूनच सल्ला द्यायला हवा.

ज्यांच्या घरी तेल मुबलक आहे, त्यांनी सुरुवात पिशवीवर तारीख लिहून करावी. ती किती दिवस पुरली हे कळले, की किती कमी करायचे तेही कळेल. मग संध्याकाळच्या फरसाणाचा पुडा उलटून पाहावा.