मुदतवाढीचा अधिकार न्यायालयाकडेच हवा

ऑस्ट्रेलियात अडचणीतली कंपनी ‘ऐच्छिक प्रशासना’त गेली की संचालकांचा अधिकार थांबतो, प्रशासक ताबा घेतो आणि धनकोंच्या वसुलीला खीळ बसते. प्रशासक चौकशी करून अहवाल देतो आणि धनकोंची दुसरी सभा बोलावतो. कंपनी तडजोडीच्या करारावर चालवायची, संचालकांना परत द्यायची की अवसायनात काढायची, हे ती सभा ठरवते. सभा बोलावण्याची मुदत 20 कामकाजाचे दिवस असते; नाताळ किंवा ईस्टर आडवा आला तर 25. न्यायालयाला ती वाढवता येते. या अधिकारावर आक्षेप घेतले जातात, आणि ते सगळेच पोकळ नाहीत.

संसदेने मुद्दाम आखूड ठेवलेली मुदत न्यायाधीश लांबवतात, हा आक्षेप सर्वांत जुना. त्याला इतिहासाचा आधारही आहे. 1988 च्या हार्मर अहवालाने सुचवलेली आणि जून 1993 मध्ये अमलात आलेली ही पद्धत जुन्या संथ, खर्चिक व्यवस्थेला पर्याय म्हणून आली. वेग हाच तिचा गुण. पण मुदत घालणाऱ्या कलमातच मुदतवाढीचे उपकलम आहे. आक्षेपक एक वाक्य वाचतात आणि त्याच कलमातले दुसरे गाळतात. शिवाय कायद्याचा घोषित हेतू कंपनी किंवा तिचा व्यवसाय तगवणे, आणि ते न जमल्यास अवसायनापेक्षा अधिक परतावा मिळवणे, हा आहे. घाई त्या हेतूचे साधन आहे. न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये डायमंड प्रेस प्रकरणात हाच तोल मांडला: प्रशासन झटपट उरकावे ही अपेक्षा खरी, पण अवाजवी घाईने परतावा वाढवण्याचे समंजस प्रयत्न बुडू नयेत.

धनकोंना सभा तहकूब करता येते, मग न्यायालय कशाला, असेही विचारले जाते. दुसरी सभा एकूण 45 कामकाजाच्या दिवसांपर्यंत तहकूब होऊ शकते हे खरे. मात्र सभेपूर्वी प्रशासकाला तिन्ही पर्यायांवर मत द्यावे लागते. खरेदीदारांच्या बोली आल्याच नसतील, तर ते मत अंदाजपंचे असणार. अशा कागदांवर हजारो धनकोंना बोलावून लगेच परत पाठवणे हा खर्च त्यांच्याच पैशातून होतो.

व्हर्जिन ऑस्ट्रेलियाचे उदाहरण इथे बोलके आहे. ही विमान कंपनी एप्रिल 2020 मध्ये प्रशासनात गेली. विमाने जमिनीवर, सीमा बंद आणि देणे सुमारे सात अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. मूळ मुदत मेच्या मध्यास संपत होती, आणि तेव्हा इच्छुक खरेदीदारांची जेमतेम पहिली छाननी झाली होती. फेडरल कोर्टाने मुदत ऑगस्टपर्यंत वाढवली. बेन कॅपिटलशी विक्रीचा करार जूनअखेरीस झाला आणि धनकोंनी 4 सप्टेंबरला तडजोड मंजूर केली. तीन हजारांच्या आसपास नोकऱ्या गेल्याच. पण मे महिन्यात सभा झाली असती तर मतदानासाठी प्रस्तावच नसता.

याच प्रकरणात आक्षेपकांचा सर्वांत वजनदार मुद्दाही दिसतो. मुदत वाढते तेव्हा झळ बसते ती जागामालकांना आणि यंत्रे भाड्याने देणाऱ्यांना. आपली मालमत्ता त्यांना सहज परत घेता येत नाही. एरवी कायद्याने त्यांची सोय केली आहे. पहिले पाच कामकाजाचे दिवस उलटले की, प्रशासकाने मालमत्ता नको असल्याचे कळवले नसेल तर, पुढच्या भाड्याला तो स्वतः जबाबदार असतो. त्यामुळे रेंगाळणे त्यालाही महाग पडते. व्हर्जिनच्या वेळी मात्र न्यायालयाने ही जबाबदारीच काही आठवडे पुढे ढकलली. महामारीत त्याला कारण होते. तरी मुदतवाढीबरोबर ही सूट सर्रास मिळू लागली, तर आक्षेपकांचे म्हणणे मान्य करावे लागेल.

मुदतवाढीने प्रक्रिया रेंगाळते, याला भारतातून मुंबईच्या जेट एअरवेजचा दाखला दिला जातो. जून 2019 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेलेली कंपनी नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवसायनात काढली. मात्र तिच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने जून 2021 मध्येच मंजूर केला होता. नंतरची तीन वर्षे अंमलबजावणीच्या वादात गेली. ती मुदतवाढीच्या खात्यावर टाकता येत नाहीत. उलट, 330 दिवसांची सक्ती घालून पाहणाऱ्या भारतीय कायद्यातला ‘अनिवार्यपणे’ हा शब्द 2019 च्या एस्सार स्टील निकालात सर्वोच्च न्यायालयालाच काढावा लागला. न्यायाधिकरणाच्या दिरंगाईचा भुर्दंड पक्षकाराला का, हा त्यामागचा विचार होता. पक्की कमाल मर्यादा हवी म्हणणाऱ्यांनी तो निकाल वाचावा.

अधिकार न्यायालयाकडेच असावा याचे कारण पुराव्यात आहे. प्रशासकाचा फायदा लांबण्यात असू शकतो, कारण त्याचे शुल्क बहुधा तासांवर ठरते. मोठ्या तारणधारकाचा फायदा कधी लांबण्यात, कधी तातडीच्या विक्रीत. म्हणून किती कंपन्या गुंतल्या, विक्री कुठवर आली, वाढीव दिवसांत काय करणार, हे प्रशासकाला शपथपत्रावर सांगावे लागते. बाधित व्यक्तीला आदेश बदलण्यासाठी पुन्हा येण्याची मुभा सहसा ठेवली जाते. ऑस्ट्रेलियातल्या डेझीटेक कंपनीच्या प्रकरणापासून आणखी एक आदेश रूढ झाला: वाढीव मुदतीत सभा केव्हाही घेता येते. त्यामुळे तीन महिने मंजूर झाले तरी सौदा सहा आठवड्यांत ठरल्यास धनकोंना थांबावे लागत नाही.