सुरतेतले आपण

मंडळी, परवा नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक व्हिडिओ आला. मराठी येत नाही म्हणून एका परप्रांतीय दुकानदाराच्या कानशिलात लगावलेली. खाली अंगठ्यांची रांग. पहिला अंगठा आमच्या पुतण्याचा, आणि हा पठ्ठ्या राहतो कुठे, तर सुरतेत!

खानदेशातून पोटासाठी सुरतेला गेलेली माणसं उधना-लिंबायतला इतकी आहेत की तिथली महापालिका मराठी शाळा चालवते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत. ते आपण कौतुकाने सांगतो. आपल्या साक्री तालुक्यातले मजूर दरसाल कोयता घेऊन गुजरातच्या उसात जातात. तिथे आपण कष्टाळू, आणि इथे पाणीपुरीची गाडी लावणारा भय्या घुसखोर? हा कुठला न्याय?

गैरसमज नको. इथे राहील त्याने मराठी शिकावी, या मताचा मीही आहे. पहिलीपासून हिंदीचा निर्णय सरकारने २९ जून २०२५ ला मागे घेतला तेव्हा मला बरंच वाटलं. पण मारून भाषा येत नाही, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो. माझ्या वर्गात अहिराणी आणि कोकणी बोलणारी पोरं असायची. एकदा एक पोरगा उठून म्हणाला, "मास्तर, माले समजनं नई." मी त्याच्या हातावर छडी मारली आणि 'मला समजले नाही' हे दहा वेळा लिहायला लावलं. काय समजलं नाही, ते विचारलंच नाही. त्यानंतर वर्षभर तो काही विचारायला उठला नाही. मराठीच्या मास्तरचा पराक्रम! असो.

आणि भाषा आली म्हणजे माणूस आपला होतो, असंही नाही. आपल्या पिंपळनेरपासून जवळच राईनपाडा आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे याच महाराष्ट्रातले. त्यांची मराठी कोणी तपासली? अनोळखी दिसले, एवढं पुरलं. व्हिडिओ तेव्हाही फिरले होते, मंडळी.

पुतण्याला फोन केला. विचारलं, "सुरतेत गेलास तेव्हा गुजराती येत होती का रे?"

"कुठली नाना! बसची पाटीसुद्धा वाचता यायची नाही."

"मग कोणी मारलं?"

"छे हो. शेजारच्या मासीने शिकवलं सगळं."

थोडा वेळ दोघेही गप्प. मग त्याने पावसाचं विचारलं. अंगठा अजून तिथेच आहे.