गल्फ स्ट्रीम नाही, खरी भीती खालच्या पाण्याची!

‘गल्फ स्ट्रीम बंद पडणार, युरोप गोठणार!’ अशी एक तरी रील तुमच्या फीडवर येऊन गेलीच असेल. सोबत हमखास ‘द डे आफ्टर टुमारो’ या २००४ च्या पिक्चरमधली बर्फाची क्लिप. मीही ती ग्रुपवर बिनधास्त फॉरवर्ड केली होती. मग या पानासाठी वाचायला बसले आणि लक्षात आलं, की रीलवाल्यांनी भलत्याच आरोपीला पकडलंय.

गल्फ स्ट्रीम हा मुख्यतः वरचा, म्हणजे पृष्ठीय प्रवाह. शाळेच्या नकाशात लाल बाणाने दाखवलेला. अशा प्रवाहांचं इंजिन म्हणजे वारा. ठरलेल्या दिशेने वाहणारे वारे वरच्या पाण्याला ढकलतात, पृथ्वी फिरत असल्यामुळे ते उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतं, वाटेत खंड आडवे येतात आणि महासागरभर एक प्रचंड चक्र फिरू लागतं. गल्फ स्ट्रीम ही त्या चक्राची पश्चिमेकडची वेगवान कड. काही ठिकाणी तिचा वेग ताशी ७-८ किलोमीटर, म्हणजे आपल्या जॉगिंगएवढा. वाऱ्याची ताकद बघायची तर आपला अरबी समुद्र घ्या. सोमालियाच्या किनाऱ्याजवळचा प्रवाह पावसाळ्यात उत्तरेकडे धावतो आणि हिवाळ्यात वारे उलटले की चक्क यू-टर्न घेतो.

म्हणूनच समुद्रशास्त्रज्ञ कार्ल वुन्श यांनी २००४ मध्येच ‘नेचर’ला पत्र लिहून कळवलं होतं, की वारा वाहतोय आणि पृथ्वी फिरतेय तोवर गल्फ स्ट्रीम थांबत नाही.

मग एवढा गोंधळ कशाचा? खालच्या पाण्याचा. खोल प्रवाहांत सगळा खेळ पाण्याच्या वजनाचा असतो. थंड पाणी जड, त्यात खारट असेल तर आणखी जड. दक्षिणेकडून आलेलं खारं पाणी ग्रीनलँड-आइसलँडजवळ पोचतं, हिवाळ्यात आपली उष्णता हवेला देऊन टाकतं आणि बुडतं. दोन-तीन किलोमीटर खाली जाऊन ते हळूहळू दक्षिणेकडे सरकतं, बहुतेक ठिकाणी सेकंदाला जेमतेम काही सेंटिमीटर. शिवरायांच्या काळात बुडालेलं पाणी आजही कुठेतरी खोलवर वाटेतच असू शकतं!

वरून उत्तरेला, खालून दक्षिणेला अशा या फेऱ्याचं नाव ‘अटलांटिक मेरिडिओनल ओव्हरटर्निंग सर्क्युलेशन’, थोडक्यात एमॉक. त्यात सेकंदाला साधारण १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी फिरतं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात ओततात त्याच्या दहापटीहून जास्त.

गोची इथेच आहे. ग्रीनलँडचा बर्फ वितळून येणारं पाणी गोडं असतं, म्हणून हलकं. ते मिसळलं की वरचं पाणी बुडायला कुरकुर करतं. फेरा मंदावला की दक्षिणेकडून मीठ कमी येतं, आणि मीठ कमी झालं की फेरा आणखी मंदावतो. हेन्री स्टॉमेल यांनी हे दुष्टचक्र १९६१ मध्येच कागदावर मांडलं होतं.

२०२३ मध्ये डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी एमॉक २०२५ ते २०९५ दरम्यान कोसळू शकतो, असा अंदाज दिला. बऱ्याच हेडलाइन्सनी त्यातलं फक्त ‘२०२५’ उचललं. शिवाय तो अंदाज पृष्ठभागाच्या तापमानावरून काढलेला होता. वरच्या पाण्याकडे बघून खालच्याची नाडी तपासल्यासारखं. अटलांटिकच्या आरपार, २६.५ अंश उत्तरेला, सलग मोजणी सुरू झाली ती २००४ पासून. त्यात २००९-१० मध्ये प्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी घसरला आणि नंतर सावरलाही. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात एमॉक मंदावणार हे जवळपास नक्की आहे. २१०० पूर्वी तो अचानक कोसळणार नाही, याची खात्री मात्र ‘मध्यम’. मला तरी हा ‘मध्यम’ शब्द रीलपेक्षा जास्त टेन्शन देतो. २०२४ मध्ये ४४ शास्त्रज्ञांनी नॉर्डिक देशांना खुलं पत्र लिहून धोका कमी लेखू नका असं बजावलं, आणि २०२५ मध्ये आइसलँडने तो थेट राष्ट्रीय सुरक्षेच्या यादीत टाकला.

आणि आपलं काय? एमॉक कोसळला तर उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो आणि भारतातला मान्सून कमजोर पडतो, असं अनेक मॉडेल्समध्ये दिसतं. रीलमध्ये गोठलेल्या न्यूयॉर्कऐवजी मराठवाड्यातली खोळंबलेली पेरणी दाखवली असती, तरी चाललं असतं.