भाजीतली बचत कुणाच्या खिशातून?

भाजी महागली की घरोघर दोन उपाय सुचतात. एक, अर्ध्या किलोऐवजी पाव किलो आणायची. दुसरा, भाजीवालीशी दोन रुपयांसाठी आणखी हुज्जत घालायची. उमेदीची वर्षे बँकेत गेल्यामुळे असेल, पण बचत म्हटली की ती कुणाच्या खात्यातून होते आहे, हे पाहण्याची मला सवय आहे.

रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२४ मधील अभ्यासनिबंधांनुसार, टोमॅटोसाठी आपण मोजलेल्या शंभर रुपयांपैकी शेतकऱ्याच्या हाती सुमारे ३३ रुपये पडतात. कांद्याचे ३६, बटाट्याचे ३७, केळ्यांचे तर ३१ च. उरलेले सारे दलाल खातो, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण जुन्नरचा माल माळशेज घाट उतरून आणि नाशिकचा कसाऱ्यावरून कल्याणच्या बाजार समितीत येतो, तेव्हा त्याच्यावर भाडे, हमाली, तोलाई, आडत चढलेली असते. पुढे ठाणे-डोंबिवलीच्या पाटीत पोचेपर्यंत टेम्पोचे भाडे आणि सडक्या मालाची तूट. नफा यात आहेच. पण सगळाच नफा नाही.

या साखळीतली शेवटची कडी सर्वांत दुबळी. रात्री उरलेली मेथी दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही; तो तोटा पाटीवालीचा. एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर २०१७ साली उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. प्रवाशांच्या जिवासाठी ते योग्यच होते. पण लोकलमधून उतरणारे गिऱ्हाईक हेच जिचे भांडवल, तिला त्याची किंमत मोजावी लागली. २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली, तेव्हा पथविक्रेत्याला मिळणारे पहिले कर्ज होते दहा हजारांचे. एवढ्याशा भांडवलावर चालणाऱ्या धंद्यातून आपण दोन रुपये काढतो आणि त्याला काटकसर म्हणतो. वर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट मागतो, त्या वेगळ्याच!

मग बचत करायचीच नाही का? जरूर करावी, पण जिथे ती मोठी आहे तिथे. पहिली जागा हंगामाची. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो मातीमोल झाला. ते दोन महिने चिंच-आमसुलावर आमटी झाली असती. टोमॅटो घरोघर येण्यापूर्वी आपल्या आज्यांनी तसेच संसार केले. फळांचेही तेच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी भाव चढणार हे ठाऊक असताना त्याच सकाळी पाच फळे घ्यायला धावण्यात शहाणपण नाही. पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडच्या बाया टाकळा, कुर्डू, कंटोळी घेऊन येतात. त्या दिवसांत फ्लॉवरचा हट्ट कशाला?

दुसरी जागा घाऊक खरेदीची. इमारतीतल्या चार बिऱ्हाडांनी मिळून रविवारी पहाटे घाऊक बाजार गाठला आणि कांदे-बटाटे वाटून घेतले, तर मधली एक पायरी गळते. मात्र टिकाऊ मालच असा आणावा. पालेभाजीची गोणी आणली तर निम्मी कचऱ्यात जायची. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. शेतकऱ्यांचे आठवडे बाजारही शहरांतून भरू लागले. आपल्या वॉर्डात असा बाजार नियमित भरावा म्हणून महापालिकेकडे तगादा लावणे, ही भाजीवालीशी घासाघीस करण्यापेक्षा कामाची गोष्ट आहे.

तिसरी जागा आपलेच स्वयंपाकघर. फ्रिजच्या तळाशी पिवळी पडलेली अर्धी जुडी म्हणजे आपल्या घरचे बुडीत कर्ज. दोडक्याच्या शिरांची चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचे धिरडे हे गरिबीचे पदार्थ नव्हेत. तो हिशेबीपणा होता. आठवड्याला फेकलेल्या भाजीची किंमत एका कागदावर महिनाभर लिहून पाहा. घासाघीस करून वाचवलेल्या पैशांची बेरीज शेजारी मांडा. कोणता आकडा मोठा, हे सांगायला बँकवाला लागणार नाही.

आणि हिशेब मांडून झाला, की पाटीवालीला तिने सांगितलेला भाव एकदा तरी न कुरकुरता द्या.