साग उघडा पडला म्हणजे मेला नव्हे

पाऊस लागला की बांधावरच्या सागावर पाने खाणारी अळी येते आणि दोन आठवड्यांत झाडाचा खराटा करून सोडते. मग गावात दोनच सल्ले ऐकू येतात. 'झाड गेलं, व्यापाऱ्याला देऊन टाका', नाहीतर 'पंप लावा'. माझ्या मते दोन्ही सल्ले तोट्याचे आहेत.

पान ही झाडाची चूल. ती विझली तरी मुळांत व खोडात साठवलेले अन्न असते, त्यावर साग पुन्हा पालवी फोडतो. पण हा साठा कणगीतल्या धान्यासारखा, काढला तितका कमी होतो. पालवीवर खर्चलेले अन्न खोड भरायला उरत नाही. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूर येथे ४ ते ८ वर्षांच्या सागावर केलेल्या अभ्यासात, या अळीमुळे लाकडाची ४४ टक्के संभाव्य वाढ बुडाल्याचे दिसले. कोवळा शेंडा खाल्ला गेला तर खोडाला बेळकं फुटतं आणि सरळ सोट मिळत नाही.

कीड-बुरशीला अडवणारी द्रव्येही झाड याच साठ्यातून तयार करते. म्हणून पाने गेलेल्या वर्षी फांद्या छाटू नका, खोडाला जखम करू नका. अशक्त झाडावर खोडकिडीला आयती वाट मिळते.

ऑगस्टनंतर पानांची जाळी करणारी अळी वेगळी. तिने झाड करपल्यासारखे दिसते, पण तोवर वर्षाची बरीच वाढ झालेली असते आणि पानेही पुढे गळणारच असतात. तिच्यापायी औषधाला पैसे घालू नका.

उंच झाडावर खालून फवारणी म्हणजे विष आपल्याच तोंडावर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली, हे विसरू नका. शिवाय अळ्या टिपणारे पक्षी, गांधीलमाश्याही त्यात जातात.

लक्ष द्यायचे ते हाताच्या उंचीतल्या रोपांकडे. पालवी फुटताना दोन-तीन दिवसांआड पाहा, अळ्या वेचा, ५ टक्के निंबोळी अर्क मारा, बुंध्याचे तण काढा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावच्या लागवडीतही हेच करावे. रोपे लावल्याचा आकडा कागदावर जातो, पण पहिली चार-पाच वर्षे राखण कोण करणार हे ग्रामसभेत ठरले पाहिजे.

पालवीची वाट पाहायला पैसा लागत नाही. घाईने विकलेला साग पुन्हा उभा करायला मात्र निम्मं आयुष्य जातं.