पेपर कुजावा, लेपही कुजावा : अड्याळ परिसरातील मिरची-भाजीपाला उत्पादकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, भंडारा

महोदय,

मल्चिंग पेपरने तण दबते, ओल टिकते, म्हणून अड्याळ परिसरातील (ता. पवनी) आम्ही मिरची, वांगी, कारल्यासाठी तो अंथरतो. पण हंगाम संपल्यावर 25-30 मायक्रॉनचा पॉलिथिनचा पेपर अख्खा निघत नाही. तुकडे मातीत राहतात, उरलेला धुऱ्यावर जाळला जातो. मातीत कुजणारा पेपर आम्हाला हवाच आहे.

अडचण पाण्याची आहे. स्टार्चमिश्रित पेपर पाणी शोषून मऊ पडतो आणि आपल्या जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यावर पाणी न धरणारा लेप हा उपाय आहे. मात्र पेपर कुजायलाही ओलच लागते. ओल आत शिरते, पदार्थाच्या साखळ्या तुटतात, मग सूक्ष्मजीव त्या खातात. लेपाने पाणी कायमचे अडवले तर पेपर कुजणार कधी? लेप पिकापुरता टिकावा, नंतर मातीत जिरावा. फ्लोरिनयुक्त 'पीएफएएस' लेप जिरत नाहीत. ते साठून राहतात, पाण्यात उतरतात. डेन्मार्कने 2020 मध्ये अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांना बंदी केली. असा लेप असलेल्या पेपरला अनुदान देऊ नये, या मागणीवर आम्ही तडजोड करणार नाही.

दाखलाही योग्य हवा. कंपोस्टेबल प्लास्टिकचे आयएस/आयएसओ 17088 हे मानक औद्योगिक कंपोस्टिंगसाठी आहे. तिथे चाचणी 58 अंशांच्या आसपास होते. वावरातल्या मातीला ती ऊब कुठली? युरोपचे ईएन 17033 (2018) मल्चिंग पेपरचे 24 महिन्यांत 90 टक्के विघटन मातीतच तपासते. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाचे 50 टक्के अर्थसहाय्य कुजणाऱ्या पेपरला देताना मातीतल्या चाचणीचा दाखला मागावा, तोही लेपासकट पेपरचा.

लेपासाठी लाखेचा विचार व्हावा. पूर्व विदर्भात पळस मुबलक आहे, त्यावर लाख घेता येते. तिच्यापासून होणारे शेलॅक गोळ्यांवर, फळांवर लेप म्हणून वापरतात. नुसते शेलॅक ठिसूळ असते, घडीवर तडकते. मेण किंवा लवचीकपणा देणारा घटक किती मिसळावा, हे तपासावे लागेल. 1924 पासून लाखेवर काम करणारी रांचीची संस्था आणि साकोलीचे कृषी विज्ञान केंद्र यांच्यामार्फत अड्याळला खरीप व उन्हाळी हंगामात प्रात्यक्षिक घ्यावे. जमीन आणि मजुरी आम्ही देऊ.

येत्या अनुदान वाटपापूर्वी आमच्या प्रतिनिधींना बैठकीस बोलावून लेखी निर्णय कळवावा, ही विनंती.

आपले,
अड्याळ परिसरातील मिरची-भाजीपाला उत्पादक शेतकरी