पाणी नासवणाऱ्यानंच पुरावा द्यायचा

मला विचारतात, तू दलित, जादूगोड्याच्या युरेनियमशी तुझा काय संबंध? च्यायला, १९७३ चा पँथरचा जाहीरनामा वाचलाय का? दलित म्हणताना त्यात आदिवासीही मोजलाय.

जादूगोडा झारखंडात आहे. संथाळ, हो यांचा मुलूख. १९६७ पासून तिथं सरकारी कंपनी युरेनियम काढते. हजार किलो दगड भरडला तर किलोभरसुद्धा युरेनियम निघत नाही. बाकीचा गाळ पाईपातून गावाशेजारच्या तळ्यांत. त्या गाळात दगडातला बहुतेक किरणोत्सर्ग तसाच राहतो. त्यातलं रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. अणुबॉम्बचा अभिमान दिल्लीला, गाळ आदिवासीला!

याचिका सुप्रीम कोर्टात गेली. २००४ साली कोर्टानं ती फेटाळली. कशाच्या जोरावर? अणुऊर्जा आयोगाच्या प्रतिज्ञापत्राच्या. पुरेशी काळजी घेतली आहे, म्हणे. आता नीट बघा. कंपनी अणुऊर्जा खात्याची. खात्याचा सचिव तोच आयोगाचा अध्यक्ष. तपासणी करणारं मंडळही तेव्हा त्याच आयोगाला जाब देणारं. पाटलाच्या पोरानं विहीर नासवली, पंचनामा पाटलानं केला, साक्षही पाटलाचीच! ही चावडी आमच्या बापजाद्यांना पाठ होती.

आणि काळजी कसली? डिसेंबर २००६ मध्ये डुंगरीडीहजवळ गाळाचा पाईप फुटला, विष नाल्यात गेलं. बोंब मारली गावकऱ्यांनी. २०१४ मध्ये झारखंड हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

मित्रांनो, पाण्याचा खटला आपल्याला नवा नाही. १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, सवर्ण कोर्टात गेले. १९३७ साली मुंबई हायकोर्टात त्यांचा दावा पडला. का? अस्पृश्यांना तळं बंद ही वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. पुरावा पाणी अडवणाऱ्यानं द्यायचा होता, तहानलेल्यानं नाही.

१९९६ साली वेल्लोरच्या चामडं कमावण्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानंच सांगितलं : आपल्या धंद्यानं निसर्गाची नासाडी होत नाही हे कारखानदारानं सिद्ध करायचं, आणि घाण करणाऱ्यानं ती भरून द्यायची. चामड्याच्या मालकाला हा न्याय, मग अणूच्या मालकाला का नाही? तिथं मालक सरकार आहे म्हणून?

मी दया मागत नाही. विहीरवार, नाल्यावार पाणी बाहेरच्या माणसांनी तपासावं. आकडे गावाच्या भाषेत गावात लावावेत. तळी झाकायची, नाले साफ करायचे, त्याची तारीख कोर्टानं ठरवावी, आणि तारीख चुकली तर साहेबाला पिंजऱ्यात उभं करावं. पाणी शुद्ध आहे म्हणणाऱ्यानं ते शाबीत करावं.

नाहीतर या, साहेब. त्या नाल्याची एक ओंजळ आमच्यासमोर प्या.